स्वॅपरवर आळ: अंबडच्या एका तापमान-यंत्राचं प्रकरण

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक छोटं युनिट आहे. खाली सोल्डरिंगची टेबलं, वर पोटमाळ्यावर चार-दोन संगणक. द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये बसवायची तापमान नोंदवणारी यंत्रं इथं बनतात. निर्यातीच्या द्राक्षाला कोल्ड चेन तुटलेली चालत नाही. काढणी झाली की प्री-कूलिंगमध्ये माल काही तासांत चार अंशांच्या आसपास आणायचा, मग शून्य ते एक अंशावर ठेवायचा, आणि तो तसा ठेवला होता याची नोंद खरेदीदाराला दाखवायची. ती नोंद ठेवणारं हे यंत्र. आत एकाच कोअरचा एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तापमान मोजणारी टीएमपी१०२ ही चिप.

ऐन हंगामात दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमधून तक्रार आली. आलेखात मध्येच खिंडारं पडत होती. मिनिट-दीड मिनिट काहीच नोंद नाही, मग पुन्हा सगळं सुरळीत. पंचाईत अशी, की ही खिंडारं नेमकी क्रेट आत घेण्यासाठी दार उघडलं की पडायची. तापमान वर जाणार त्याच क्षणी नोंद गायब! खरेदीदाराच्या माणसानं सरळच विचारलं, "दार उघडं ठेवायचं असलं की मशीन बंद करता का तुम्ही?" पॅकहाऊसवाला तिथून भडकला तो थेट अंबडच्या मालकांवर.

त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, लिहिला होता एका नव्या मुलीनं. नाशिकच्याच कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, पहिलीच नोकरी. आधीचा माणूस पुण्याला गेला आणि कर्नेलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम हिच्या गळ्यात पडलं. नाशिकच्या छोट्या युनिटांत हे नेहमीचंच. मी त्या युनिटला अधूनमधून बाहेरून सल्ला देतो, म्हणून हे प्रकरण जवळून पाहायला मिळालं. ते लिहून ठेवतोय ते बिघाडासाठी नाही. बिघाड तसा जुना आणि सगळ्यांना ठाऊक असलेला आहे. नव्या माणसाला कर्नेल कळायला लागतो म्हणजे नेमकं काय होतं, ते इथं फार स्वच्छ दिसलं, म्हणून.

तिची तयारी

तिनं आपल्या परीनं कर्नेलचा अभ्यास सुरू केला होता. लिनक्सचा सोर्स उतरवला, 'इनिट' फोल्डरमधली 'मेन.सी' उघडली आणि 'स्टार्ट_कर्नेल' या फंक्शनपासून ओळीओळीनं वाचायला बसली. वहीत बाण काढलेले, प्रत्येक फंक्शनपुढे टीप. वही अर्धी भरली तरी ती अजून मशीन सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यातच होती.

हे असंच होणार. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं पहिली आवृत्ती बाहेर काढली तेव्हा तिच्यात दहा हजारांच्या आसपास ओळी होत्या. त्या वाचून काढता आल्या असत्या. आज तो आकडा तीन कोटींच्या पुढे आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या ड्रायव्हरांचा आहे. पहिल्या पानापासून वाचत जाण्याची ही गोष्टच राहिलेली नाही. कामाला लावलेल्या प्रत्येक मुलाला मी हे सांगतो आणि प्रत्येक जण तरीही 'स्टार्ट_कर्नेल' उघडतो. उघडू द्यावं, चार दिवसांत आपोआप बंद होतं.

कॉलेजातलं ऑपरेटिंग सिस्टिम तिला पक्कं येत होतं. प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) अवस्थांची आकृती, डेडलॉकच्या चार अटी, पेज रिप्लेसमेंटची गणितं, बँकर्स अल्गोरिदम. यातलं इथं काय उपयोगी पडलं ते पुढे येईलच, कारण एक गोष्ट फार उपयोगी पडली.

पुरावा कुठाय?

पहिला अडथळा म्हणजे यंत्र बंद का पडलं याची नोंदच नव्हती. 'डीमेसेज' लावलं की कर्नेलचे संदेश दिसतात, पण ते असतात मेमरीतल्या एका गोल बफरमध्ये. यंत्र अडकलं, वॉचडॉग या पहारेकरी टायमरनं त्याला रीसेट मारला, की ते सगळं पुसलं जातं. परत सुरू झालेलं यंत्र शहाण्यासारखं "मी आत्ताच उठलोय" एवढंच सांगतं. ती यंत्राचे लॉग पुन्हापुन्हा चाळत बसली होती आणि त्यात काही सापडणं शक्यच नव्हतं.

बोर्डावर सिरियल कन्सोलच्या, म्हणजे कर्नेलचे संदेश थेट तारेवरून बाहेर देणाऱ्या, तीन पिना होत्या. त्यांना केबल लावून दुसऱ्या टोकाला जुना लॅपटॉप ठेवला आणि पॅकहाऊसवाल्याला विनंती केली की एक दिवस हे असंच राहू द्या. तो कुरकुरत तयार झाला. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर मजकूर उतरला होता. पहिली ओळ अशी: 'बग: शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक: स्वॅपर/०/०एक्स०००१०००२'. अर्थ असा, की जिथं थांबायची मनाई आहे तिथं कुणीतरी झोपायला, म्हणजे प्रोसेसर सोडून थांबायला, निघालंय. थोड्या वेळानं दुसरी. तीत स्वॅपरच्या जागी नोंद लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव. तिसरीत एसएसएचडी, दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम.

इथं ती रस्ता चुकली, आणि कसा चुकली ते बघण्यासारखं आहे. संदेशात नाव आलंय म्हणजे गुन्हेगार तोच, असं तिनं धरलं. तीन वेगळी नावं, म्हणजे तीन वेगळे बिघाड. एसएसएचडी काढून टाकली, फरक नाही. नोंद लिहिणारा प्रोग्रॅम दुसऱ्या पद्धतीनं लिहिला, फरक नाही. मग स्वॅपर म्हणजे काय हे शोधायला गेली आणि मेमरी डिस्कवर टाकण्याच्या स्वॅपिंगमध्ये अडकली. या यंत्रात स्वॅप नव्हताच. स्वॅपर हे जुन्या युनिक्सपासून चालत आलेलं नाव. लिनक्समध्ये ते शून्य क्रमांकाच्या रिकाम्या प्रोसेसचं असतं. प्रोसेसरला दुसरं काही काम नसलं की ती चालते, एवढंच.

मी गेलो तेव्हा तिनं मला तीन रकान्यांचा तक्ता दाखवला. नीटनेटका होता. मी म्हटलं, "वरची ओळ सोड. खालून वाच."

खालून वर

कर्नेल असा संदेश देतो तेव्हा खाली फंक्शनांची उतरंड छापतो: कुणी कुणाला बोलावलं. सर्वांत वर शेवटचं फंक्शन, तळाशी पहिलं. स्वॅपरच्या संदेशातला तळ होता रिकाम्या फेरीचा, प्रोसेसर निवांत. त्यावर इंटरप्टचा, म्हणजे हातातलं काम अडवून हार्डवेअरनं मारलेल्या हाकेचा, प्रवेश. त्यावर 'हँडल_आयआरक्यू_इव्हेंट'. त्यावर तिचं स्वतःचं फंक्शन, चिपकडून तापमान वाचणारं. त्यावर आयटूसीची (चिप आणि प्रोसेसर जोडणाऱ्या तारेची) फंक्शनं, मग 'वेट_फॉर_कम्प्लिशन_टाइमआउट', मग 'शेड्यूल', आणि माथ्यावर तक्रार.

तीनही संदेशांचा तळ वेगळा होता. इंटरप्टपासून वरचा सगळा भाग मात्र अक्षरशः एकच.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, पण हेच फंक्शन मी टेबलावर हजार वेळा चालवलंय. कधी अडकलं नाही."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि प्रकरणाचा गाभा तोच. टेबलावर ती 'कॅट' हा फाइल दाखवणारा आदेश लावून सिसएफएसमधली (कर्नेलनं मांडून ठेवलेली) फाइल वाचायची आणि तापमान दिसायचं. तेव्हा घडतं ते असं: कॅट ही प्रोसेस रीड हा सिस्टिम कॉल करते, कर्नेलमध्ये शिरते, तिच्याच नावावर ड्रायव्हरचं फंक्शन चालतं. आयटूसीची तार मंद असते. १०० किलोहर्ट्झवर चिपकडून दोन बाइट वाचायचे तर पत्ते वगैरे धरून पाच बाइट तारेवरून जातात, प्रत्येकी नऊ ठोके, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिसेकंद. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात पाच लाख ठोके मिळतात. इतका वेळ नुसतं ताटकळायचं कशाला, म्हणून आयटूसीचा ड्रायव्हर कॅटला झोपवतो, प्रोसेसर दुसऱ्याला देतो, आणि काम झाल्यावर आयटूसीच्याच इंटरप्टनं कॅटला उठवतो. सगळं रीतसर.

पॅकहाऊसमध्ये मात्र दार उघडलं, तापमान मर्यादेपलीकडे गेलं, चिपनं अलर्टची पिन ओढली आणि इंटरप्ट आला. इंटरप्टच्या हँडलरमधून, म्हणजे तो हाताळणाऱ्या फंक्शनमधून, तिनं तेच वाचायचं फंक्शन बोलावलं होतं. तेच फंक्शन, त्याच ओळी, पण आता चालवणारा कोण? कुणीच नाही. इंटरप्टची स्वतःची प्रोसेस नसते. त्या क्षणी प्रोसेसरवर जो कुणी असेल त्याच्या डोक्यावर बसून तो काम उरकतो आणि निघून जातो. तिथं 'झोप' म्हटलं तर झोपणार तो खालचा बिचारा. म्हणून संदेशात कधी स्वॅपर, कधी एसएसएचडी. ज्याच्या बांधाजवळ अपघात झाला त्याचं नाव सातबाऱ्यावरून काढावं आणि त्यालाच पोलीस ठाण्यात बसवावं, तशातला प्रकार.

त्या ओळीच्या शेवटच्या हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) संख्येतही हे लिहिलेलं होतं. ती कर्नेलची एक मोजणी असते: सध्या आपण किती आणि कसल्या 'इथून हलायचं नाही' अवस्थांमध्ये आहोत. उजवीकडून पाचव्या जागेवरचा १ म्हणजे हार्डवेअर इंटरप्ट चालू आहे. नाव बदलत होतं, तो १ कधीच बदलत नव्हता.

आणि आता कॉलेजची ती आकृती. न्यू, रेडी, रनिंग, वेटिंग, टर्मिनेटेड. ती तिला झोपेतही काढता आली असती. रनिंगकडून वेटिंगकडे जाणारा बाण कुणाला वापरता येतो, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. उत्तर असं, की ज्याच्या नावाची चौकट त्या आकृतीत आहे त्यालाच. इंटरप्टची चौकटच नाही, मग तो थांबायला जाणार कुठं? तिनं आकृती फळ्यावर काढली आणि तिच्या बाहेर इंटरप्ट लिहिला. मला तिथं फारसं बोलावं लागलं नाही.

स्वतः करून बघणं

दुरुस्ती तेव्हाच सांगता आली असती. मालकांना तेच हवं होतं, हंगाम अंगावर होता. पण तोवर पॅकहाऊसमध्ये अलर्टचा इंटरप्ट बंद करून दर पाच सेकंदांनी वाचणारा साधा प्रोग्रॅम चालवता येत होता, तो लावून दिला. खिंडारं थांबली. त्यामुळे शिकायला थोडी सवड मिळाली. ही सवड द्यावीच, असं माझं ठाम मत आहे. आयतं औषध दिलं की पुढच्या वेळी आजार ओळखता येत नाही.

तिनं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एक्सव्ही६ वाचायला घेतलं. एमआयटीनं २००६ मध्ये शिकवण्यासाठी बनवलेला हा छोटा कर्नेल, सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सच्या घाटावर बेतलेला, दहा हजार ओळींच्या आतला. तोही तिनं सगळा वाचला नाही. एकच प्रश्न घेऊन गेली: इथं झोपतं कोण आणि उठवतं कोण? डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये उत्तर समोरासमोर आहे. डिस्ककडे काम सोपवणारं फंक्शन 'स्लीप' बोलावतं; डिस्कचा इंटरप्ट हाताळणारं फंक्शन फक्त 'वेकअप' बोलावतं. उलट कधीच नाही. आणि 'स्लीप'मध्ये शिरल्या शिरल्या पहिली ओळ असते 'मायप्रॉक' विचारणारी: मी कोण? प्रोसेसच नसेल तर पुढची ओळ कुणाची अवस्था बदलणार? लिनक्सच्या हजारो ओळींत विखुरलेलं हे तिथं एका पडद्यावर मावतं.

दुसरं म्हणजे लॅपटॉपवर क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिनक्स चालवून तिनं चिमुकलं कर्नेल मॉड्यूल (कर्नेलला जोडायचा तुकडा) लिहिलं. क्यूईएमयूमध्ये का, तर मॉड्यूल कोसळलं तर खोटं मशीन कोसळावं, आपला लॅपटॉप नव्हे. मॉड्यूलमध्ये दोन वाटा होत्या. प्रॉकमधली एक फाइल वाचली की एक फंक्शन चालायचं, आणि दर सेकंदाला कर्नेलच्या टायमरनं तेच फंक्शन चालायचं. फंक्शनचं काम एवढंच, की 'करंट', म्हणजे आत्ता प्रोसेसरवर कोण आहे ते सांगणारी खूण, ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याचं नाव छापायचं.

फाइल वाचली की छापलं जायचं 'कॅट'. दरवेळी कॅट. टायमरकडून मात्र 'स्वॅपर', 'स्वॅपर', 'स्वॅपर'. मग तिनं शेलमध्ये न थांबणारी रिकामी फेरी सुरू केली, आणि टायमरच्या ओळींत 'एसएच' दिसायला लागलं. शेलचा त्या टायमरशी काडीचा संबंध नव्हता. हे बघून ती हसलीच. एसएसएचडी काढून टाकलेली आठवली असणार.

शेवटी फंक्शनमध्ये 'एमस्लीप', म्हणजे ठरावीक वेळ झोप, टाकलं. कॅटकडून काही झालं नाही, दहा मिलिसेकंद उशीर, बस. टायमरकडून पहिल्याच सेकंदाला तोच ओळखीचा संदेश. टायमरचं फंक्शन हार्डवेअर इंटरप्टमध्ये नसतं, सॉफ्ट इंटरप्टमध्ये (हार्डवेअरची हाक संपल्यावर कर्नेल उरकतो त्या कामात) असतं, त्यामुळे पाचव्या जागेवरचा १ इथं नव्हता. वेगळ्या जागेवर होता. हे तिनं स्वतः शोधून मला सांगितलं. मी तोवर विषय काढला नव्हता. त्या दिवसापासून मी तिला नवखी समजणं सोडून दिलं.

दुरुस्ती

पर्याय तिनंच मांडले. हँडलरमध्ये न झोपता फिरत राहायचं आणि तार मोकळी व्हायची वाट बघायची: एकाच कोअरवर अर्धा मिलिसेकंद सगळं ठप्प, शिवाय आयटूसीचा नेहमीचा ड्रायव्हर असं चालतच नाही. वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेवर, काम टाकायचं: चालतं. किंवा थ्रेडेड इंटरप्ट घ्यायचा: हँडलरलाच स्वतःचा कर्नेल थ्रेड मिळतो, नावानिशी, झोपायच्या हक्कानिशी. ही सोय मूळ कर्नेलमध्ये २००९ मध्ये, २.६.३० या आवृत्तीत आली. ती आली रिअल-टाइम लिनक्सवर काम करणाऱ्या मंडळींकडून, ज्यांचं उरलेलं काम मुख्य कर्नेलमध्ये पूर्ण जायला २०२४ ची ६.१२ उजाडावी लागली.

तिनं तिसरा पर्याय घेतला आणि पहिल्याच प्रयत्नात कर्नेलनं नकार दिला. 'हँडलर नल आणि वनशॉट नाही' अशा अर्थाची ओळ छापून फंक्शन परत. तिला वाटलं, आता हे काय नवीन? पण हा नकार वाचण्यासारखा आहे. चिप अशी लावली होती की तिचा एखादा रजिस्टर कुणी वाचेपर्यंत अलर्टची पिन ओढलेलीच राहते. वाचणार कोण? थ्रेड. पण इंटरप्ट संपताच ओळ मोकळी केली तर पिन अजून ओढलेलीच, म्हणून लगेच पुन्हा इंटरप्ट, पुन्हा, पुन्हा, आणि एकाच कोअरवर थ्रेडला उभं राहायला जागाच मिळत नाही. वनशॉट म्हणजे थ्रेडचं काम संपेपर्यंत ती इंटरप्टची ओळ झाकून ठेव. कर्नेलनं ते आधीच ओळखून अडवलं होतं. तिनं वनशॉटचा झेंडा (फ्लॅग) जोडला आणि मॉड्यूल चढलं.

'पीएस' लावल्यावर प्रोसेसच्या यादीत नवं नाव दिसलं: 'आयआरक्यू/', पुढे इंटरप्टचा क्रमांक, पुढे तिनं ड्रायव्हरला दिलेलं नाव. हँडलरमध्ये 'करंट' छापून बघितलं, तर तेच नाव. आता अलर्ट आला की झोपणारा आणि उठणारा तोच. एसएसएचडीचा काही संबंध नाही.

एक बारीक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आता थ्रेड आणि कॅट दोघंही एकाच वेळी चिप वाचू शकतात, आणि शेवटची नोंद ठेवायची जागा दोघांची एकच. तिथं म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लागला. आधीच्या हँडलरमध्ये म्यूटेक्स घेताच आला नसता, कारण म्यूटेक्सही झोपवतो. हा मुद्दा तिनं बोलता बोलता, जाता जाता सांगितला.

युनिटमध्ये काय बदललं

चाचणीचा कर्नेल आता वेगळा बांधतात. त्यात 'डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप' सुरू असतं. साधा कर्नेल खरोखर झोपायची वेळ आली तरच ओरडतो. हा पर्याय असला की झोपू शकणारं फंक्शन चुकीच्या जागी नुसतं बोलावलं तरी लगेच ओरडा होतो. तो आधी असता तर टेबलावर एकदा मर्यादा खाली ओढून चिपवर बोट ठेवलं असतं तेव्हाच हे सापडलं असतं. कुलपांचा क्रम तपासणारं लॉकडेपही लावलंय. दोन्हींमुळे यंत्र मंदावतं, म्हणून ग्राहकाकडे जाणाऱ्या कर्नेलमध्ये ते नाहीत. शिवाय प्रत्येक नव्या बोर्डावर सिरियलच्या पिना बाहेर काढून ठेवायच्या, असं ठरलं. मालकांना दोन रुपयांचा कनेक्टर जास्त वाटला, पण दिंडोरीचा फोन आठवून त्यांनी मान्य केलं.

नव्या मुलांना कर्नेल कसा शिकवावा, यावर आमच्यात थोडा वाद आहे. मालकांचं म्हणणं, आधी एखादा कोर्स करून यावं. माझं म्हणणं, कोर्स करावा, पण पहिल्या दिवसापासून प्रत्येक फंक्शनसमोर एकच प्रश्न विचारायची सवय लागावी: हे आत्ता कुणाच्या नावावर चालतंय, आणि त्याला थांबता येईल का? शेड्यूलर, मेमरी, फाइल सिस्टिम, सगळं त्या प्रश्नाच्या मागोमाग येतं. कॉपी करताना पानच मेमरीत नसेल तर? ते आणायला थांबावं लागणार. मग परत तोच प्रश्न. स्पिनलॉक (न झोपता वाट बघायला लावणारं कुलूप) कधी, म्यूटेक्स कधी? परत तोच. मेमरी मागताना 'जीएफपी_कर्नेल' (थांबलं तरी चालेल) द्यायचं की 'जीएफपी_अ‍ॅटॉमिक' (थांबायचं नाही)? परत तोच.

एक काम मात्र अजून अर्धवट आहे. टीएमपी१०२ साठी कर्नेलच्या 'एचडब्ल्यूमॉन' या हार्डवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात आधीपासून ड्रायव्हर आहे. आधीच्या माणसानं तो न बघता नवा लिहायला सांगितलं होतं. आता तिचं म्हणणं आहे की आपला ड्रायव्हर मोडीत काढावा, मूळ ड्रायव्हर घ्यावा आणि फक्त अलर्टचा भाग त्यात जोडावा, म्हणजे कर्नेलची आवृत्ती बदलली की दरवेळी आपल्याला दुरुस्त्या करत बसायला नको. मालक म्हणतात, चालतंय ते हंगामात कशाला हलवायचं? छाटणीच्या दिवसांत पॅकहाऊस रिकामी असतात, तेव्हा बघू, असं तूर्त ठरलंय. तिनं दोन्ही फाइली शेजारी लावून फरक काढायला सुरुवात केलीय.